जरा बर्थ बदलता का?

दिवाळीची सुट्टी असो की उन्हाळ्याची, दुर्ग स्टेशनवर मुंबई-पुण्याकडे जाणारी गाडी लागली की पहिल्या पाच मिनिटांत एक वाक्य हमखास कानांवर पडतं. भिलाईत वाढलेल्या माणसाच्या तोंडून ते आधी हिंदीतच निघतं, ‘‘भाईसाब, आप जरा उधर चले जाएंगे? हमारी फॅमिली साथ में है.’’ समोरच्या बाईंच्या हातात मराठी पुस्तक दिसलं की भाषा लगेच बदलते. ‘‘अय्या, तुम्ही मराठी का? मग जरा बर्थ बदलून देता का जी?’’ शेवटचा तो ‘जी’ ऐकला की ओळखावं, मंडळी नागपूर-भंडाऱ्याकडची.

भिलाईकरांच्या पाचवीला हा प्रवास पुजलेलाच आहे. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेली माणसं इथल्या सेक्टरांमध्ये संसार थाटून बसली. त्यांत विदर्भातली मराठी कुटुंबंही होती. आता त्या घरांतली तिसरी पिढी पुण्यात, मुंबईत, बंगळुरूत, नाही तर परदेशात आहे. लग्न, बारसं, बाळंतपण, गुडघ्याची शस्त्रक्रिया, निमित्त काहीही असो, निघायचं म्हणजे गाडीनं. दुर्गहून नागपूर सुमारे २६५ किलोमीटर, मुंबई सुमारे ११००. म्हणजे मुंबईला जाणाऱ्याची एक रात्र बहुधा गाडीतच जाते. भारतीय रेल्वेचे रूळ मोठ्या प्रमाणावर भिलाईच्याच कारखान्यात तयार होतात, आता तर २६० मीटर लांबीच्या सलग पट्ट्यांत. रूळ घरचे, बर्थ मात्र नशिबाचा!

कुटुंबानं एकत्र प्रवास करावा, रात्री पोरं आईच्या नजरेसमोर झोपावीत, आजींना हाक मारली तर कुणी तरी ‘ओ’ द्यावी, ही इच्छा अगदी रास्त आहे. पण ती पुरी होते तेव्हा तिची किंमत कोण मोजतं, हे आपण क्वचितच पाहतो. ती मोजतो बहुतेक वेळा एकटा प्रवास करणारा माणूस. त्यातही एकटी स्त्री.

एकटीला काय, कुठंही झोपता येतं!

समजा, भिलाईची एक मुलगी पुण्यात नोकरी करते. सुट्टी संपवून परत निघाली आहे. तिनं दोन महिने आधी, आरक्षण उघडलं त्याच दिवशी सकाळी तिकीट काढलं आणि खालचा बर्थ मिळवला. गाडीत चढते तो तिच्या बर्थवर एक कुटुंब पाय पसरून बसलेलं. आई, बाबा, आजी, दोन मुलं. पाचांपैकी चार बर्थ याच कप्प्यात आहेत, पाचवा तीन डबे सोडून आणि तोही वरचा. पाच जोडी डोळे तिच्याकडे लागतात. ‘‘बेटा, तू एकटीच आहेस ना?’’ या प्रश्नातच उत्तर ठरलेलं असतं. एकटी आहे, म्हणजे तिला गैरसोय होत नाही. एकटी आहे, म्हणजे तिनं हलावं.

ती भिडेखातर उठते. बॅग ओढत तीन डबे पार करते. तिथे तिच्या वाट्याला येतो सहा पुरुषांच्या कप्प्यातला वरचा बर्थ. तिच्या मूळ जागी समोर आजी होत्या, एक आई होती. तिनंही बहुधा हाच विचार करून हायसं वाटून घेतलं असेल, की चला, शेजार बरा आहे. आपल्या मुलांना सोबत मिळावी म्हणून आपण दुसऱ्याच्या मुलीची सोबत काढून घेतली, हे त्या आईच्या मनातही येत नाही. ती काही वाईट बाई नसते. तिचं लक्ष फक्त आपल्या पोरांवर असतं.

गोष्ट इथेच संपत नाही. तो पाचवा बर्थ फक्त नागपूरपर्यंतचाच असला तर? कुटुंब नागपूरला उतरणार असतं, पण ही पुण्याला चाललेली. नागपूरला त्या बर्थचा पुढचा हक्काचा प्रवासी तिकीट हातात घेऊन हजर होतो. त्याचं काही चुकलेलं नसतं. मुलीला पुन्हा बॅग उचलून, चढत्या-उतरत्या गर्दीतून वाट काढत, आपल्या मूळ डब्याकडे यावं लागतं. तिथे तोवर भलताच कुणी तरी आडवा झालेला असतो आणि ‘हा बर्थ माझा आहे’ हे सिद्ध करायची पाळी तिच्यावरच येते. म्हणून बर्थ बदलताना पहिला प्रश्न ‘खालचा की वरचा’ हा नसून ‘तुमचा बर्थ कुठपर्यंतचा’ हा असतो. तो दोन्ही बाजूंनी विचारायला हवा.

आणखी एक बाब फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. रेल्वे सुरक्षा दलानं २०२० मध्ये ‘मेरी सहेली’ नावाचा उपक्रम सुरू केला. गाडी सुटते त्या स्थानकावर दलाच्या महिला कर्मचारी एकट्या प्रवास करणाऱ्या स्त्रियांना भेटतात, त्यांचा डबा आणि बर्थ क्रमांक टिपून घेतात आणि वाटेतल्या स्थानकांवरच्या पथकांना कळवतात. हा सगळा पहारा त्या क्रमांकावर चालतो. मुलगी तिथून हलली आणि कुणाला सांगितलं नाही, तर पहारा रिकाम्या जागेवर. रात्री काही अडचण आली आणि १३९ या मदत क्रमांकावर फोन केला, तरी आधी विचारतात ते डबा आणि बर्थच. म्हणून जागा बदलली की टीसीला सांगायचं. परवानगी मागण्याचा हा सोपस्कार नाही, आपण नेमके कुठे आहोत हे कुणाला तरी ठाऊक असावं एवढ्यासाठी. शिवाय टीसीला ठरलेल्या जागी प्रवासी सापडला नाही तर तो आलाच नाही असं समजून बर्थ आरएसीतल्या दुसऱ्या कुणाला दिला जाण्याची धास्तीही उरत नाही.

बर्थ विखुरतात तरी का?

‘‘एकाच वेळी तिकीट काढलं, तरी आम्हाला तीन डब्यांत का टाकलं?’’ ही तक्रार नेहमीची. संगणक आपल्यावर डूख धरून नसतो. जेवढ्या जागा उरल्या त्यातून तो वाटणी करतो. गाडी हावड्याहून निघालेली असते, तिथल्या मानानं दुर्गच्या वाट्याला येणाऱ्या जागा थोड्या. प्रतीक्षायादीतून पक्कं झालेलं तिकीट तर जिथे कुणाचं रद्द झालं तिथेच जाऊन बसतं. कुणी एस-२ मध्ये रद्द केलं, कुणी एस-७ मध्ये, तसे आपले काका एस-२ मध्ये आणि काकू एस-७ मध्ये.

एका अर्जावर सहाच प्रवासी बसतात. आठ जणांचं कुटुंब असेल तर दोन तिकिटं होणारच, आणि पहिलं आणि दुसरं तिकीट काढण्यात दहा मिनिटं गेली तरी मधल्या जागा दुसऱ्यांनी नेलेल्या असतात. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. त्यामुळे सुट्टीतल्या गाड्यांसाठी सगळ्यांचीच झुंबड त्याच दोन महिन्यांत उडते.

इंटरनेटवर तिकीट काढताना खाली एक छोटी निवड दिलेली असते, ती बहुतेक जण न वाचताच पुढे जातात. सगळे बर्थ एकाच डब्यात मिळत असतील तरच तिकीट काढा, किंवा निदान एक खालचा बर्थ मिळत असेल तरच काढा, असं तिथे सांगता येतं. पसंतीच्या डब्याचा क्रमांकही घालता येतो. यातून एकत्र बर्थ मिळतीलच अशी हमी नाही. पण घरातला जो कॉलेजात जाणारा मुलगा मोबाइलवर भराभर बोटं चालवून तिकीट काढतो, त्याच्या शेजारी बसून हा रकाना त्याला जरूर दाखवा.

थोडं गणितही कामी येतं. स्लीपर आणि थ्री-टियर एसीच्या डब्यात एका कप्प्यात आठ बर्थ असतात. बर्थ क्रमांकाला ८ नं भागायचं. बाकी १ किंवा ४ उरली तर खालचा, २ किंवा ५ उरली तर मधला, ३ किंवा ६ उरली तर वरचा. ७ उरली तर साइड लोअर, आणि भाग पूर्ण गेला तर साइड अप्पर. म्हणजे १७ ते २४ हा एक कप्पा. २४ आणि २५ हे शेजारचे आकडे दिसले तरी ते दोन वेगळ्या कप्प्यांतले. उलट १७ आणि २३ हे आकड्यांत लांब, प्रत्यक्षात हाकेच्या अंतरावर. तिकिटावरचे आकडे पाहून ‘अरे देवा, आपण किती लांब!’ म्हणत घाबरण्याआधी घरीच कागद-पेन घेऊन एवढं करून पाहिलं, तर कित्येकदा बर्थ बदलायची गरजच नाही असं लक्षात येतं.

वडीलधाऱ्यांचा पेच मात्र खरा आहे. ६० वर्षांवरील पुरुष, ४५ आणि त्यापुढच्या वयाच्या स्त्रिया आणि गरोदर स्त्रिया यांच्यासाठी प्रत्येक डब्यात काही खालचे बर्थ राखून ठेवलेले असतात. पण त्या कोट्यातून तिकीट काढायचं तर एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी चालतात. सहा जणांचं एकत्र तिकीट काढलं तर आजी कुटुंबाजवळ राहतात, पण कदाचित मधल्या बर्थवर. वेगळं काढलं तर त्यांना खालचा बर्थ मिळण्याची शक्यता वाढते, पण त्या भलत्याच डब्यात एकट्या. दुर्गच्या फलाटावरची निम्मी अदलाबदल या एकाच पेचातून निघते. त्यावरचा तोडगा पुढे सांगते.

कुणाच्या जवळ कुणी हवं?

‘आम्ही सहा जण आहोत आणि सहा जण एकत्रच हवे’ हा हट्ट मला तरी पटत नाही. रात्री दहा ते सकाळी सहा ही झोपेची वेळ. २०१७ मध्ये रेल्वेनं ती तशी ठरवून दिली, पूर्वी ती रात्री नऊपासून होती. बाकीच्या वेळात खालच्या बर्थवर बसून जायला कप्प्यातल्या इतरांना मुभा असते. अपवाद आजारी, अपंग आणि गरोदर प्रवाशांचा, ते दिवसाही झोपून राहू इच्छित असतील तर त्यांना सहकार्य करावं असं रेल्वेच सांगते. म्हणजे गप्पा, पत्ते, चिवड्याचा डबा, दशम्या-चटणी, हे सगळं दिवसा एकत्र होऊ शकतं, त्यासाठी बर्थ बदलायला नको. प्रश्न उरतो फक्त झोपेच्या आठ तासांचा. त्या आठ तासांत कुणाला कुणाची गरज आहे?

लहान मुलाला आईची किंवा वडिलांची. दोघांची नव्हे, एकाची. रात्री उठताना तोल जाणाऱ्या आजोबांना कुणा तरी धडधाकट माणसाची. उपचारासाठी मुंबईला निघालेल्या रुग्णाला त्याच्या सोबत्याची. बस्स. वीस वर्षांचा मुलगा, चाळिशीचे बाबा, कॉलेजातली मुलगी यांना रात्री एकमेकांचे चेहरे दिसलेच पाहिजेत असं काही नाही. म्हणून बाहेरच्या माणसाला विचारण्याआधी घरातल्या घरात वाटणी करा. कित्येक घरांत मी पाहिलंय, की बाबा खालच्या बर्थवर चादर पसरून मोकळे होतात, सून मुलाला कुशीत घेऊन मधल्या बर्थवर अंग चोरते आणि मग ‘आजींना खालची जागा द्या हो’ म्हणत शेजाऱ्याची मनधरणी सुरू होते. अहो, आधी बाबांना उठवा की!

मुलांच्या तिकिटाबद्दलही थोडं स्पष्टच बोलायला हवं. २१ एप्रिल २०१६ पासून पाच ते बारा वर्षांच्या आतल्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं पडतं. बर्थ नको असेल तर अर्धं. अर्धं भाडं भरायचं आणि मूल आईजवळ झोपवायचं, यात गैर काहीच नाही, मध्यमवर्गीय घराला पैसे वाचवावेच लागतात. पण आठ-नऊ वर्षांचं अंगानं भरलेलं मूल आणि आई एका बर्थवर मावत नाहीत, हे गाडीत चढल्यावर कळतं आणि मग खालचा बर्थ हवा म्हणून शेजाऱ्याला गळ घातली जाते. आपलं अर्धं तिकीट वाचावं म्हणून दुसऱ्यानं आपली पूर्ण झोप द्यावी, असा त्याचा अर्थ होतो. तान्ह्या बाळाची गोष्ट निराळी. अरुंद बर्थवर बाळाला घेऊन झोपणारी आई रात्रभर डोळा मिटत नाही. रेल्वेनं मे २०२२ मध्ये लखनौ मेलमध्ये खालच्या बर्थला जोडून बाळासाठी दुमडता येणारा छोटा बर्थ प्रयोग म्हणून बसवला होता. अशा आईनं खालचा बर्थ मागितला तर माझ्या मते धडधाकट माणसानं फार विचार करू नये.

विचारायचं कसं?

रिकाम्या जागेवर आधी बसून घ्यायचं आणि मालक आला की विचारायचं, ही आपल्याकडची जुनी सवय आहे. तिथेच समोरच्याचं मन आंबतं. त्याला त्याच्या जागी बसू द्या, बॅग ठेवू द्या, पाणी पिऊ द्या. मग विचारा. विचारताना आपण काय मागतो आहोत यापेक्षा काय देतो आहोत ते आधी सांगा. ‘‘आमचा बर्थ याच डब्यात आहे, खालचाच आहे, मुंबईपर्यंतचा आहे, तुम्हाला चालेल का?’’ असं विचारलं तर बहुतेक माणसं हसून उठतात. खालच्याच्या बदल्यात खालचा, त्याच वर्गाचा, शक्यतो त्याच डब्यातला आणि निदान तेवढ्याच अंतरापर्यंतचा, असा सौदा असेल तर मागण्यात संकोच कशाचा? वरचा देऊन खालचा मागायचा असेल तर कारण सांगा, खरं सांगा. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय तर झालंय म्हणा. झालेलं नसेल तर मात्र आजींचे गुडघे मध्ये आणू नका. पुढच्या खऱ्या रुग्णावर मग कुणी विश्वास ठेवत नाही.

सामान उचलून नेऊन द्यायचं काम आपलं. एकट्या स्त्रीला विचारायचंच असेल तर तिला ज्या कप्प्यात पाठवणार तिथे आधी आपण जाऊन पाहावं, तिथे कोण आहे ते तिला सांगावं आणि बायाबापड्या नसतील तर विचारूच नये. आणि मध्यरात्री चढणाऱ्यांनी तर झोपलेल्या माणसाला बर्थ बदलण्यासाठी उठवणं टाळावं. सकाळी सहानंतर सगळं करता येतं. बर्थ विखुरलेच असतील तर गाडी येण्याआधी फलाटावरच ठरवून घ्या, की मुलाजवळ कोण, आजोबांजवळ कोण, औषधांची पिशवी कुणाकडे आणि मोबाइलचा चार्जर कुणाकडे. अंधारात, पन्नास माणसं झोपलेली असताना, ‘‘अगं, आजींच्या गोळ्या कुठायत?’’ असा पुकारा करण्यापेक्षा ते बरं.

ज्याला विचारलं त्याच्याबद्दलही बोलू. आपल्याकडे, विशेषतः बायकांना, ‘नाही’ म्हणणं म्हणजे अपराध केल्यासारखं वाटतं. ‘‘माफ करा, मी हा बर्थ मुद्दाम घेतलाय’’ एवढं पुरे. कारण सांगायलाच हवं असं नाही. पाठदुखी, पाळीचा त्रास, रात्री दोनदा उठावं लागणं, एकटीनं प्रवास करताना खिडकीची बाजू सुरक्षित वाटणं, ही कारणं अनोळखी पाच जणांसमोर मांडायची नसतात. स्लीपरच्या डब्यांत लांब पल्ल्याच्या मेल-एक्सप्रेस गाड्यांमध्ये स्त्रियांसाठी सहा बर्थांचा कोटा आहे, वय कितीही असो, एकटी असो वा गटात. त्या कोट्यातून ज्यांनी तिकीट काढलं त्यांनी ती जागा काही लॉटरीत जिंकलेली नसते.

इथे मला मधू दंडवते आठवतात. ते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले तेव्हा दुसऱ्या वर्गाचा प्रवासी लाकडी फळीवर झोपत असे. त्या फळीवर दोन इंचांचा फोम आला तो त्यांच्या काळात. डिसेंबर १९७७ मध्ये मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली, ती वर्गभेद नसलेली गाडी म्हणून. सगळ्यांना सारखा डबा, सारखा बर्थ. आता त्या गाडीला वातानुकूलित डबेही लागतात. ही गाडी दुर्गला थांबते, भिलाईकरांच्या कित्येक सुट्ट्या तिच्यातून गेल्या. सहा फुटांची ती जागा एकट्याची असो की कुटुंबातल्या कुणाची, तिकिटावर दोघांचं वजन सारखंच असतं. आपण मात्र माणसं मोजून हक्क ठरवतो, पाच विरुद्ध एक!

विमानात आणि जहाजात

हा प्रश्न फक्त रेल्वेचा नाही. रायपूरच्या विमानतळावरून मुंबईचं विमान पकडणाऱ्या भिलाईकरांनीही तो अनुभवला असेल. खिडकीजवळची किंवा पुढची जागा हवी तर जादा पैसे, आणि पैसे न भरणाऱ्या कुटुंबाची पांगापांग. एप्रिल २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं विमान कंपन्यांना सांगितलं, की एकाच तिकिटावर प्रवास करणाऱ्या बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला निदान एका पालकाजवळ जागा द्या. पाहा, तिथेही ‘एका’ पालकाजवळच म्हटलंय.

आता जहाजाचं. भिलाईपासून समुद्र दूर, पण कारखान्यातून निवृत्त झालेल्या आईवडिलांना अमेरिकेतली किंवा सिंगापूरमधली मुलं हौसेनं क्रूझवर घेऊन जातात. २०२१ मध्ये तर मुंबईहूनही देशांतर्गत क्रूझ सुरू झाली. मुंबई-कोकणच्या जुन्या बोटींवर डेकवर सतरंजी अंथरली की कुटुंबाची जागा ठरली, आजीपासून नातवापर्यंत सगळे त्या एका सतरंजीवर. क्रूझवर केबिन असतात आणि केबिनची वाटणी नावानिशी होते. अनेक कंपन्यांच्या नियमानुसार लहान मुलं असलेल्या केबिनमध्ये एक तरी प्रौढ नोंदवावाच लागतो. त्यामुळे कागदावर आई एका केबिनमध्ये धाकट्याबरोबर, बाबा दुसऱ्यात थोरल्याबरोबर, आणि आजी-आजोबा तिसऱ्याच मजल्यावर, असं काहीतरी होतं. जहाजावर चढल्यावर मग मंडळी आपसांत केबिन बदलतात. नातू आजीकडे झोपतो, नात आत्याकडे.

घरातल्या घरात ही अदलाबदल असते, त्यात कुणा परक्याची झोपमोड नाही, म्हणून लोक ती बिनदिक्कत करतात. पण जहाजावरचं कार्ड नुसती खोलीची किल्ली नसते. खर्च त्याच्यावर चढतो, बंदरावर उतरल्या-चढल्याची नोंद त्याच्यावर होते आणि संकटाच्या वेळी कुणी कुठे जमायचं ती जागाही केबिनप्रमाणे ठरलेली असते. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे प्रचंड जहाज खडकावर आदळून कलंडलं. ३२ माणसं दगावली. त्या संध्याकाळी नव्यानं चढलेल्या शेकडो प्रवाशांची संकटकाळची कवायत तोवर झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम बदलला, २०१५ पासून ही कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घ्यावी लागते. नातू आजीच्या केबिनमध्ये झोपणार असेल तर रिसेप्शनवर तसं सांगा, त्याचं कार्ड त्या दारालाही लागू करून घ्या आणि भोंगा वाजला तर त्याला कोण कुठे घेऊन जाणार हे पहिल्याच दिवशी ठरवा. आई वरच्या मजल्यावर मुलाला शोधतेय आणि मूल आजीबरोबर खाली उभं आहे, अशी पाळी यायला नको.

आता तो आजींच्या खालच्या बर्थचा तोडगा. निघताना जमलं नसेल तर परतीच्या तिकिटाला वापरून पाहा. सहा जणांचं तिकीट एकदम काढू नका. आरक्षण उघडलं की आधी दोघांचंच तिकीट काढा, आजींचं आणि रात्री त्यांच्याजवळ जे झोपणार त्यांचं. पण सोबतीचा माणूसही त्या कोट्यात बसणारा हवा, म्हणजे आजोबा, किंवा पंचेचाळिशी गाठलेली आई किंवा आत्या. त्यांचा डबा कळला की उरलेल्या चौघांचं तिकीट काढताना पसंतीच्या रकान्यात तोच डबा घाला. तोच डबा मिळेल असं नाही, पण मिळाला नाही तरी बिघडत नाही. बाबा आणि मुलं कुठेही झोपोत, सकाळी सहा वाजले की सगळे आजींच्या बर्थवर हजर होतातच. चिवड्याचा डबा त्यांच्याच पिशवीत असतो.